कल्याणच्या आरमाराची माणसं

शनिवार, २ ऑगस्ट

प्रशांतकुमारने दुकानाची गादी हाती घेतली त्याला सहा महिने झाले. पंपाचे वॉशर, फुटव्हॉल्व्ह, पाइप यांत माझी चाळीस वर्षं गेली. आता दिवसातून तीनदा दुकानात जाऊन उभा राहतो आणि पोरगा म्हणतो, "अप्पा, तुमी घरी बसा की." घरी आलो की बायको, उमादेवी, म्हणते, "येरझाऱ्या कामून घालायलाव? फरशी झिजंल." म्हणून आज ही वही आणली. डायरी लिहायची म्हणजे माणसाला एका जागी बसावंच लागतं.

लिहिण्यासारखं एकच आहे, आमचं आरमार.

सुगत आणि मी एका गावचे, पहिलीपासूनचे दोस्त. तो भालकीत भूगोलाचा मास्तर होता, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. जूनमध्ये एकदा आमच्या ओट्यावर बसून त्याने विचारलं, "बसू, इथून समुद्र किती लांब?" मी म्हणालो, असेल सहाशे किलोमीटर. "सरळ रेषेत सव्वाचारशे," तो म्हणाला. "मग आपल्याला आरमार कामून न्हाई?" थट्टाच होती. पण ती माझ्या डोक्यात बसली. मी तर समुद्र पाहिलेलासुद्धा नाही.

देश आम्ही असा काढला: बाराव्या शतकात आमच्या बसवकल्याणात शरणांनी, म्हणजे वचनं रचणाऱ्या शिवभक्तांनी, उच्चनीच मोडायला घेतलं. खऱ्या इतिहासात त्यांची दाणादाण झाली. आमच्या इतिहासात नाही झाली. कल्याण गणराज्य टिकलं, आजही स्वतंत्र आहे, लहानसं पण ताठ. बिदरच्या सुलतानांचा माल दाभोळ बंदरात उतरायचा म्हणून सुगतने बंदर दाभोळ धरलं. दर शनिवारी चार वाजता तो येतो, जहाजं काढतो आणि मी सुवाच्य अक्षरात नियम लिहितो. पाच जहाजं झाली आहेत. पाणी आणि रसद नेणाऱ्या जहाजाचं नाव मी ठेवलं, दासोह. सगळ्यांना जेवू घालणारं ते दासोह. सुगतला फार आवडलं.

आज तो दोन तास बसला. त्याचा चहाचा काचेचा ग्लास ठरलेला आहे, ओट्याच्या खिडकीत असतो, आईच्या वेळेपासून. इतका तो घरचा आहे.

मंगळवार, ५ ऑगस्ट

बेचैन आहे. जहाजावर हुकूम कुठल्या भाषेत द्यायचे? बिदर, कलबुर्गी म्हणजे एका घरात तीन भाषा. कन्नडमध्ये द्यावेत तर आळंदकडचे खजुरी गावचे मराठी लोक कुरकुरणार, मराठीत द्यावेत तर चिंचोळीचे कानडी. मी दख्खनी, आमच्याकडची उर्दू, सुचवणार आहे. "इंजन बंद करो मियाँ" हे कुणालाही कळतं, आणि ऐकायलाही भांडणासारखं वाटत नाही.

शनिवार, ९ ऑगस्ट

दख्खनीवर सुगत पोट धरून हसला, पण मानला नाही. म्हणाला, तोफ डागायच्या वेळी 'ज़रा ठैरो' म्हणत बसशील. ते राहिलं तसंच.

मग दासोहचा आतला नकाशा केला. त्याने पिण्याच्या पाण्याची टाकी जहाजाच्या बरोबर मध्ये काढली. एक टाकी, एक नळ. "एवढ्या माणसांना एकच?" मी विचारलं. "एकच," तो म्हणाला. "डॉकमधी ज्ञानोबाकाका न्यायचा मला, तवा बघितलंय. कप्तानबी तिथलंच पितो." त्याचे ज्ञानोबाकाका गाव सोडून मुंबईला बॉयलरच्या कामावर गेले होते. दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या सुगत त्यांच्याकडे होता. एकदा दुरुस्तीला आलेल्या बोटीवर कुणीतरी त्याला सुकाणूला हात लावू दिला. लोखंड उन्हाने तापलं होतं तरी हात काढवेना, असं तो सांगत होता. हे मला पन्नास वर्षांत कधी बोलला नव्हता.

पाण्यावरून मला आमची शाळा आठवली. हेडमास्तरांनी मला काम दिलं होतं, मधल्या सुट्टीत सुगतला आणि त्याच्या गल्लीतल्या दोघांना तांब्याने वरून पाणी घालायचं. तो ओंजळ धरायचा, मी धार सोडायचो. कधी मुद्दाम नाकावर सोडायचो. सदरा भिजून जायचा. आमच्या दोस्तीची सुरुवातच ती. मी आज हे हसत हसत सांगितलं.

"व्हय," सुगत म्हणाला, "तू सांडायचास." आणि टाकीवर रेघ गिरवत बसला.

बुधवार, १३ ऑगस्ट

झकास काम झालं. चार दिवस घोर होता की जहाजं तर झाली, माणसं कुठून आणायची? नुसती नावं टाकली की खोटी वाटतात. आज देवपूजा करताना सुचलं: आपल्याच गावातून! कुणाचा हात कशावर बसलाय हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दुपारभर बसून फुलस्केपवर यादी उतरवली.

कल्याण या मुख्य जहाजाचा कप्तान, पाटलांचा माणिकप्पा. आवाज आहे, मिशा आहेत. भांडार आणि रसद माझ्याकडे, आमचं घराणंच दुकानदारीचं. लाकूडकाम सुताराच्या अमृतप्पाकडे. निशाणं आणि गणवेश परटांकडे. होड्या कोळ्यांच्या पोरांकडे. बँडला हलगीवाल्यांची घरं, त्यांच्यासारखा ताल दुसऱ्या कुणाला जमणार? एक माणूस रिकामा ठेवला नाही.

आणि सुगतला खास मान दिला आहे: निरोप व पहारा खात्याचा मुख्य. समुद्रात निरोप म्हणजे सगळं. त्याचे आजोबा गावाचा निरोप घेऊन उन्हातान्हात अनवाणी वीस-वीस कोस जायचे. कुणाची मौत झाली की पाहुण्यांना सांगावा त्यांनीच पोचवायचा. वेशीवर पहारा त्यांचाच. रक्तात आहे ते.

शनिवारपर्यंत धीर निघत नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट

सुगतला यादी दिली. त्याने चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग पुन्हा वाचली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, कधी हसतोय म्हणून.

"कशी हाय?" मी विचारलं.

"एकदम बरोबर हाय," तो म्हणाला. "एकबी चूक न्हाई."

कागदाची घडी माझ्याकडे सरकवली. मी म्हणालो, "घेऊन जा की, सावकाश बघ." तो उठत म्हणाला, "राहू दे बसू. मला पाठ हाय."

चहा प्यायला, ग्लास विसळून खिडकीत ठेवला आणि पावणेपाचलाच गेला. बहुतेक घरी पाहुणे असतील.

शनिवार, २३ ऑगस्ट

आला नाही. चारपासून साडेसहापर्यंत ओट्यावर होतो. फोन केला तर म्हणाला, "काम हाय." निवृत्त भूगोल मास्तरला शनिवारी काय काम?

सोमवार, २५ ऑगस्ट

विचार करून डोकं शिणलं. दख्खनीवरून रागावला, नक्की. मराठी शाळेत आयुष्य काढलेला माणूस, त्याला वाटलं असणार मी मराठीला बाजूला सारतोय. मी नियम बदलला: सर्व हुकूम मराठीत. सुंदर अक्षरात लिहिलं, मोबाइलवर फोटो काढून पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

मग वाटलं, जहाजाच्या नावावरून असेल. पाच जहाजांत एकही नाव त्याने ठेवलेलं नाही. लिहून पाठवलं की पाचव्याचं नाव तू ठेव. पुन्हा दोन निळ्या खुणा.

मला आता राग यायला लागलाय. माणसाने काय ते तोंडावर बोलावं. पन्नास-पंचावन्न वर्षांच्या दोस्तीत मी त्याला कधी परका मानला नाही. आमच्या ओट्यावर त्याच्याइतकं कोण बसलंय?

शनिवार, ३० ऑगस्ट

चार वाजता फाटक वाजलं. धावत गेलो. राजश्री होती, सुगतची मुलगी. उदगीरला बँकेत असते, शनिवार-रविवार येते.

"काका, बाबांची चित्रांची वही पाहिजे होती."

"तो कामून आला न्हाई?"

"तुमीच विचारा की त्यान्ला."

"रागावलाय का?"

"रागावले असते तर बरं झालं असतं काका. ते रागावल्यावर लई बोलत्यात. आता गप हायेत."

उमादेवीने चहा आणला. राजश्रीने नको म्हटलं. खिडकीतल्या ग्लासाकडे एकदा बघितलं, वही पिशवीत घातली आणि गेली.

पाचही जहाजं त्या वहीत होती. माझ्याकडे नुसते नियम उरले. आज मला सरळ भीती वाटते आहे की तो परत येणारच नाही.

मंगळवार, २ सप्टेंबर



दुपारी ठरवलं की दासोह आठवणीने स्वतःच काढायचं. मोठ्या कागदावर पट्टी-पेन्सिल घेऊन बसलो. मध्ये टाकी काढली, एक नळ, सुगतसारखी. मग यादी शेजारी ठेवून कोण कुठे राहणार ते भरलं. पुढे कप्तान. त्यामागे मी आणि भांडार. सुतार, परीट, होड्यांची पोरं. अगदी शेपटाला हलगीवाले आणि निरोप व पहारा. तिथून टाकी लांब पडत होती. म्हणून सोय व्हावी या हिशोबाने शेपटाकडे एक वेगळा माठ काढला. छान गोल जमला.

उमादेवी ताटात शेंगा घेऊन सोलत बसली होती. वाकून बघितलं.

"ह्यो दुसरा माठ कुणाचा?"

"सुगतचा," मी म्हणालो.

बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं.

तिने ताट खाली ठेवलं, उठली, ओट्याच्या खिडकीतला काचेचा ग्लास घेऊन आत गेली. आत नळाचा आवाज आला. बराच वेळ येत होता.

आमच्या घरात सगळे स्टीलच्या ग्लासात चहा पितात. पाहुणेसुद्धा. काचेचा तो एकच. आईने खिडकीत ठेवला, आई जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि मी रोज गळ्यात लिंग घालून, तोंडाने शरणांची वचनं म्हणत त्याच्याजवळून जात होतो. महिन्यापूर्वी मी ह्याच वहीत लिहिलं, इतका तो घरचा आहे. आत्ता ते पान काढून वाचलं. फाडावंसं वाटलं, फाडलं नाही.

मी कामं वाटली नव्हती, जाती वाटल्या होत्या. देश नवा, इतिहास नवा, समुद्रसुद्धा नवा, आणि जहाजावर चढवायला आमचं गाव जसंच्या तसं. ज्याने सुकाणूला हात लावलाय, ज्याला बॉयलर ठाऊक आहे, ज्याने जहाजं काढली, त्याला मी मौतीचे सांगावे दिले. वर म्हणालो रक्तात आहे. आणि विचारलं, कशी हाय?

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

गुरुवार, ४ सप्टेंबर

काल दिवसभर नवी यादी केली. आज ती घेऊन सुगतच्या घरी गेलो. मनात ठरवून गेलो होतो. तो अंगणात जास्वंदीला पाणी घालत होता. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि ओंजळ धरली.

"घाल," म्हणालो. "वरून घाल. नाकावर सोड."

त्याने हातातल्या तांब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ऊठ. गुडघ्याचं आपरेशन सांगितलंय न्हवं तुला? बसलास तर उठवायला चार माणसं लागतील."

"न्हाई. आधी घाल."

"बसू, नाटकं करू नको. असं केल्यानं तुझं मन हलकं हुईल. माझं काय हुईल?"

खरंच उठता येईना. त्यानेच हात देऊन उठवलं. खुर्चीवर बसलो. राजश्री नव्हती. त्याने आतून पाणी आणून दिलं, प्यायलो. मग नवी यादी पुढे केली. कल्याणचा कप्तान सुगत. निरोप व पहारा, गुरुबसव, म्हणजे मी. माणिकप्पा पाटील, परटाच्या जागी. हलगीवाल्यांचा पोरगा तोफांवर.

सुगतने वाचली. ह्या वेळी हसला, पण बरं हसला नाही.

"तू गाव उलटं केलास फक्त. डोक्यावर उभं केलं म्हणून ते दुसरं गाव होतंय व्हय? ह्या यादीतबी तूच वाटायलास. कप्तान कोन, निरोप्या कोन, ठरवनारा तूच. तुला कुनी सांगितलं वाटायला?"

खरं म्हणजे हा प्रश्न मनाला शिवलाच नव्हता. जूनपासून पेन माझ्याच हातात होतं.

"मग कसं करायचं?" मी विचारलं.

"परीक्षा," तो म्हणाला. मास्तरचा आवाज लागला होता. "ज्याला आरमारात यायचंय त्यानं अर्ज करायचा, परीक्षा द्यायची. माणिकप्पा असू दे न्हाई तर मी. पास झाला तर घ्यायचा. तुला यायचंय का?"

"मला तर... मीच काढलंय की आरमार."

"मी विचारलं, यायचंय का?"

म्हणालो, यायचंय. त्याने वहीचं पान फाडून दिलं. मी तिथेच बसून अर्ज लिहिला. वयाची अट त्याने माफ केली. निघताना भीतभीत विचारलं, "तू येशील का आता ओट्यावर?" तो म्हणाला, "आधी निकाल लागू दे."

सोमवार, ८ सप्टेंबर

अभ्यास करतोय. डावी बाजू, उजवी बाजू, भरती कधी, ओहोटी कधी. दुकानात जाणं विसरलो. प्रशांतकुमारच घरी येऊन बघून गेला, अप्पा आजारी आहेत का. उमादेवीने त्याला सांगितलं, "परीक्षा हाय त्यांची. गोंधळ करू नको."

शनिवार, १३ सप्टेंबर

परीक्षा झाली. सुगतच्या पडवीत, चार ते सहा. एकच उमेदवार. तो खुर्ची टाकून समोर बसला होता आणि एकदा मी खिडकीबाहेर बघितलं तर म्हणाला, "इकडंतिकडं बघू नका." मला तुम्ही म्हणाला.

दहा प्रश्न, प्रत्येकी दहा मार्क. पहिल्या नऊ प्रश्नांनी घाम फोडला. पोहता येतं काय? नाही. कोऱ्या नकाशात दाभोळ दाखवा. मी ते बहुतेक रत्नागिरीच्याही खाली नेऊन ठेवलं.

दहावा प्रश्न: 'कल्याण गणराज्याच्या जहाजावर पिण्याच्या पाण्याची टाकी एकच का असते? स्वतःच्या अनुभवाने लिहा.'

मी तीन पुरवण्या घेतल्या. शाळेतला तांब्या लिहिला. नाकावर सोडलेली धार लिहिली, आणि ओल्या सदऱ्याने तो पोरगा दुपारभर वर्गात बसायचा तेही लिहिलं, जे मला कालपर्यंत आठवलंच नव्हतं. शेवटी खिडकीतला काचेचा ग्लास लिहिला. तो आईने ठेवला असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. आई गेल्यावर एकोणीस वर्षं तो मी ठेवला, असं लिहिलं. घंटा नव्हती, सुगतने हाताने टेबल वाजवलं. पेपर ओढून घेतला.

मंगळवार, १६ सप्टेंबर

राजश्रीला आज सुट्टी होती म्हणे. तिने पेपर आणून दिला आणि मी उघडेपर्यंत थांबली नाही.

लाल शाईने तपासलेला. पोहणे, शून्य. दाभोळ, शून्य. डावी-उजवी बाजू, सहा. जहाजांची नावं आणि कामं, नऊ. एक मार्क शुद्धलेखनाचा कापला. बाकीच्यांत कुठे दोन, कुठे चार.

दहाव्याला दहापैकी चार. समासात त्याचं बारीक, सरळ अक्षर:

'उत्तर लांबलं. तांब्याचं ठीक. ग्लासाचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुला कधी दिसतो ते बघत होतो. फार वर्षं लावलीस.'

मी ते उभ्यानेच वाचलं. मग बसलो. मग पुन्हा वाचलं. तो दर शनिवारी येत होता. चहा पीत होता, ग्लास विसळून ठेवत होता, हसत होता, आणि बघत होता.

शेवटच्या पानावर एकूण: शंभरपैकी एकतीस. खाली शेरा: 'नापास. उमेदवाराने शनिवार दि. २० रोजी पुन्हा बसावे. वेळ चार. केंद्र: गुरुबसव यांचा ओटा.'

उमादेवी दारात येऊन उभी होती. "झालाव का पास?"

"न्हाई," मी म्हणालो. "चार मार्क कमी पडले. सर शनिवारी यायलेत."